संगणकाचे घड्याळ आणि मुनीमजींची वही

(बी.कॉम. भाग २ मधील एका विद्यार्थिनीकडून)

‘संगणक कधी चुकत नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते आता म्हणीसारखे झाले आहे. बँकेत, तहसील कचेरीत, किराणा दुकानात, कुठेही जा. आपण काही तक्रार केली की समोरचा मनुष्य पडद्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘इथे तर तसे दिसत नाही.’ झाले! वाद संपला. यंत्राची साक्ष ती खरी आणि माणसाची ती खोटी, असा जणू कायदाच झाला आहे. मीही परवापरवापर्यंत याच मताची होते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या आजोळी जे घडले त्याने माझे हे मत पार बदलून टाकले. त्या प्रसंगातून वाणिज्य शाखेच्या आपणा सर्वांना काही शिकण्यासारखे आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

माझे आजोळ मध्य प्रदेशातील बालाघाट. आपल्या सीमाभागातल्या पुष्कळांना हे नाव ऐकून मराठवाड्यातला बालाघाट डोंगर आठवतो. हे बालाघाट वेगळे. वैनगंगेच्या काठचे, गोंदियापासून जवळच असलेले हे जिल्ह्याचे गाव. भरवेलीची मँगनीजची खाण आणि मलाजखंडचे तांबे याच जिल्ह्यातले. भाताचे तर ते आगरच आहे. तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजारात हिंदी, घरात मराठी आणि खेड्यात पोवारी अशी तिथली रीत. इथे घरी मराठी, शेजारी कन्नड आणि शाळा मराठी माध्यमाची अशा वातावरणात वाढल्यामुळे मला त्या भाषांच्या सरमिसळीत मुळीच परके वाटले नाही.

मामांचे तिथे शेतीच्या साहित्याचे दुकान आहे. पंप, पाइप, फवारणीची यंत्रे असा माल. दुकानात एक संगणक आहे. त्यावर बिले आणि पावत्या निघतात आणि उधारीची यादी ठेवली जाते. त्याशिवाय तीस वर्षे नोकरीत असलेले एक वृद्ध मुनीमजी आहेत. ते आजही लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत रोजकीर्द लिहितात. मामा त्यांना कधी कधी थट्टेने म्हणत, ‘मुनीमजी, आता ही वही बंद करा, सगळे यात आहे.’ मुनीमजी हसत आणि लिहीत राहत.

मी ‘बी.कॉम.ला आहे’ म्हणून संगणकाची जबाबदारी सुट्टीपुरती माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर एक सूचना येई. तारीख आणि वेळ बसवलेली नाही, पुढे जायचे असल्यास एफ-वन कळ दाबा, असा तिचा मथितार्थ. कळ दाबली की संगणक चालू होई, पण कोपऱ्यात तारीख असे १ जानेवारी २०१२! दुकानातला मुलगा म्हणाला, ‘दीदी, ये तो रोज का है.’ मग मीही रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळात पाहून तारीख-वेळ हाताने बसवू लागले. ते भिंतीवरचे घड्याळ मामांनी मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवले होते, हे मला आठवड्यानंतर कळले. पण पाच मिनिटांनी काय बिघडते, असे म्हणून मी तेही सोडून दिले.

मेच्या मध्याला वारासिवनीला नात्यातले लग्न निघाले. मी, मामा आणि मामी तीन दिवस तिकडे होतो. दुकान मुनीमजी आणि तो मुलगा पाहत होते. मुलाने नेहमीप्रमाणे एफ-वन दाबली आणि तारखेकडे न पाहता काम सुरू केले. तीन दिवस बिले निघाली, पावत्या छापल्या गेल्या. कुणी तारीख पाहिली नाही. पावतीवरची रक्कम सारेच वाचतात, तारीख कोण वाचतो? त्या दिवसांत इंटरनेटवरची कितीतरी पाने उघडत नव्हती. ‘नेट खराब आहे’ असे मुलाने ठरवून टाकले. आम्ही परत आलो. मी पुन्हा सकाळी तारीख बसवली आणि गाडी रुळावर आली असे मला वाटले.

महिनाअखेरीस मामांनी संगणकावरून उधारीची यादी काढली. तीत लांजीकडच्या एका शेतकऱ्याच्या नावावर २३,६४० रुपये बाकी दिसत होते. मामांनी फोन केला. शेतकरी म्हणाला, ‘पैसे तर मी भरले.’ दुसऱ्या दिवशी बसने येऊन त्याने पावती मामांपुढे ठेवली. पावती आमच्याच दुकानाची, सही मुनीमजींची, रक्कम बरोबर. पण तारीख? १ जानेवारी २०१२!

आमच्या दुकानात संगणकच मुळी आला २०१७ साली, आणि तोही जुना विकत घेतलेला. मामांनी मे महिन्याच्या पावत्यांची यादी काढली. तीत ही पावती नव्हती. त्यांनी ती यादी मुनीमजींपुढे सरकवली आणि काही न बोलता त्यांच्याकडे पाहिले. मुनीमजींनी वही उघडली. १४ मे, शेतकऱ्याचे नाव, २३,६४० रुपये जमा. त्यांच्या वळणदार अक्षरात सगळे स्वच्छ लिहिलेले होते. मामा म्हणाले, ‘वही तुम्हीच लिहिता ना?’

दुकानात त्या क्षणी जी शांतता पसरली ती मी विसरू शकत नाही. गल्ल्यातली रोकड मोजून सोक्षमोक्ष लावावा, तर लग्नाच्या घाईत खुद्द मामांनीच गल्ल्यातून दोन-तीनदा पैसे उचलले होते आणि ते कुठे मांडले नव्हते. त्यामुळे रोकडही साक्ष देईना. तीस वर्षांचा मनुष्य एका बाजूला आणि पडद्यावरची एक ओळ दुसऱ्या बाजूला. आणि पारडे पडद्याकडे झुकले होते. शेतकरी बिचारा दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. आपल्याला पैसे पुन्हा भरावे लागणार की काय, ही भीती त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

१ जानेवारी २०१२ ही तारीख मी रोज सकाळी पाहत होते. ती तारीख मलाच ओळखता यायला हवी होती, आणि तरी ते सुचायला मला दहा मिनिटे लागली! मी यादीची सुरुवातीची तारीख मे महिन्याऐवजी २०१२ अशी घातली. लगेच १ जानेवारी २०१२ या दिवसाखाली बरीच बिले आणि पावत्या एका रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या दोन दिवसांच्याही नोंदी त्यातच होत्या, कारण रोज सकाळी ते घड्याळ पुन्हा पहिल्या जानेवारीलाच येऊन बसले होते. त्यांत त्या शेतकऱ्याचीही पावती होती. त्या साध्या कार्यक्रमात क्रमांक तारीख न पाहता एकापुढे एक पडतात. मे महिन्याच्या यादीत मधलेच क्रमांक गायब होते आणि ते सारे इथे, चौदा वर्षांपूर्वी की कितीतरी मागे जाऊन, मुकाट्याने बसले होते. मुनीमजींच्या वहीतली नोंद आणि ही रांग ओळीने ओळ जुळली.

मुनीमजी एवढेच म्हणाले, ‘बेटी, मेरी बही में तो पहले से था.’ मामांनी त्यांची क्षमा मागितली नाही. आपल्याकडे मोठी माणसे तशी मागत नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि पहिला कप स्वतःच्या हाताने मुनीमजींपुढे ठेवला.

वाचकहो, यात चूक कोणाची? संगणकाची म्हणावी, तर ते यंत्र बिचारे रोज सकाळी ‘माझी तारीख बसलेली नाही’ असे स्वच्छ सांगत होते. मुलाची म्हणावी, तर त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते. मला विचाराल तर चूक माझी होती. रोज बिघाड दिसत असूनही मी त्याचे कारण शोधले नाही. फक्त आकडा दुरुस्त करत राहिले. आपण वर्गात शिकतो की तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात, पण चूक सापडेपर्यंत शोध थांबवायचा नसतो. मी रोज सकाळी नेमके हेच केले. फरक सस्पेन्समध्ये टाकला आणि शोध घ्यायचा विसरून गेले.

आणि गंमत अशी की, घड्याळाची चूक शोधण्याची रीत तेरजेची चूक शोधण्यासारखीच आहे. तेरजेतला फरक नऊने भागला गेला तर आपण अंकांची अदलाबदल शोधतो. ४५ च्या जागी ५४ लिहिले की फरक नऊ पडतो. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडली तर ती नावेऐवजी जमेला गेली का ते पाहतो. फरकाचा आकडाच चुकीचा पत्ता सांगतो. संगणकाच्या घड्याळाचेही तसेच आहे. त्या दिवसानंतर मी याचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडते, कारण हा बिघाड आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा दुकानी आज ना उद्या येणारच.

पहिला प्रकार आमच्या दुकानातला. संगणक बंद केला की घड्याळ एखाद्या जुन्या ठरावीक तारखेवर जाते आणि चालू असताना मात्र बरोबर चालते. असे झाले की समजावे, आतली बटणासारखी बॅटरी संपली. संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. बहुतेक ठिकाणी ती सीआर २०३२ या नावाची असते. नावातच तिचे माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टची ही बॅटरी, वीज नसताना आतले छोटे घड्याळ चालू ठेवते. वीज जोडलेली असली तर तिच्यावर फारसा भार पडत नाही. आमच्या दुकानात रोज रात्री मेन स्विच बंद करायची शिस्त होती. म्हणजे रात्रभर आणि सुट्टीचा सारा दिवस ते घड्याळ याच बॅटरीवर जगत होते. शिस्त चांगलीच आहे, पण तिची किंमत बॅटरी मोजत होती.

दुसरा प्रकार असा की मिनिटे बरोबर असतात पण तास चुकलेले असतात. फरक नेमका साडेपाच तासांचा, किंवा नेमका साडेतेरा तासांचा. असा ‘स्वच्छ’ फरक दिसला की बॅटरीकडे पाहूच नये. तिथे चूक प्रमाणवेळेच्या निवडीची असते. आपली भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. नव्या संगणकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडलेली राहिली तर हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक पडतो, उन्हाळ्यात तिकडची घड्याळे तासभर पुढे करतात म्हणून साडेबारांचा. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली बसवल्या तर साडेपाच तासांचा खेळ होतो, कारण आतल्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजते आणि लिनक्स बहुधा जागतिक समजते. घड्याळ एकच, वाचणारे दोन. दोघांना एकाच बोलीवर आणले की तंटा मिटतो.

तिसरा प्रकार हळूहळू मागे किंवा पुढे जाणाऱ्या घड्याळाचा. रोज सेकंद-दोन सेकंद, महिन्याला मिनिटभर. याचे कारण स्फटिकात आहे. या घड्याळाचे हृदय म्हणजे क्वार्ट्‌झचा एक बारीक तुकडा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण एकला दोनने पंधरा वेळा गुणत जाऊन मिळालेली ही संख्या आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका हाती येतो. दहा लाखांत वीस कंपनांची चूक झाली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. असा स्फटिक साधारण २५ अंश तपमानाला सर्वांत बरा चालतो आणि त्याहून फार ऊन किंवा फार थंडी झाली की मंदावतो. बालाघाटच्या मे महिन्यात बंद दुकानातला पारा ४५ अंशांवर गेला तर केवळ उन्हामुळे दिवसाला सेकंदभराहून अधिक वेळ मागे पडू शकतो. माणसे उन्हाने सुस्तावतात तसे घड्याळही सुस्तावते म्हणायचे! या प्रकाराला बॅटरी बदलून गुण येत नाही. त्याला उपाय एकच, अधिक चांगल्या घड्याळाला वेळोवेळी विचारत राहणे.

हे विचारण्याचे काम संगणक आपणहून करू शकतो. इंटरनेटवरून वेळ विचारण्याची ही पद्धत अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी बसवली. तिचे पहिले टिपण १९८५ चे, आणि मिल्स २०२४ मध्ये वारले. तिच्यातली युक्ती फार सुंदर आहे. समजा, मी बेळगावहून मामांना पत्र पाठवून विचारले, ‘आत्ता किती वाजले?’ उत्तर येईपर्यंत ती वेळ शिळी होणार. म्हणून मी पत्र टाकल्याची वेळ लिहून ठेवते, मामा पत्र मिळाल्याची आणि उत्तर टाकल्याची वेळ लिहितात, आणि उत्तर हाती आल्याची वेळ मी पुन्हा टिपते. या चार नोंदींवरून प्रवासात किती वेळ गेला ते कळते. त्यातला निम्मा जाण्याचा व निम्मा येण्याचा धरला की माझे घड्याळ किती चुकले ते काढता येते. चार नोंदी आणि एक वजाबाकी. आपल्या बँक मेळपत्रकाच्या विद्यार्थ्याला यात अवघड ते काय?

तर मग आमच्या दुकानातला संगणक इंटरनेटला जोडलेला असूनही आपोआप का सुधारला नाही? इथे चौथा प्रकार येतो, आणि तोच सर्वांत फसवा आहे. चूक फार मोठी असली की दुरुस्तीची वाटच बंद होते. विंडोजची वेळ-सेवा ठरावीक मर्यादेपलीकडचा फरक बहुधा नाकारते. काही तासांचा फरक ती मान्य करील, पण वर्षांचा फरक दिसला की ‘काहीतरी घोटाळा आहे’ असे समजून गप्प राहते. शिवाय आजची बहुतेक संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. ज्या संगणकाला आज २०१२ साल वाटते, त्याला ते प्रमाणपत्र ‘अजून सुरूच न झालेले’ दिसते आणि तो पान उघडायला नकार देतो. म्हणजे त्या तीन दिवसांत नेट खराब नव्हते. घड्याळ खराब होते. म्हणून सुरक्षिततेचा इशारा देत बरीचशी पाने एकदम बंद पडली तर कंपनीला शिव्या देण्यापूर्वी कोपऱ्यातली तारीख वाचावी.

आमची दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली. वीज बंद केली, वायर काढली, डबा उघडला, जुनी बॅटरी काढून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याच्या मीटरवर ती तीन व्होल्टच्या जागी जेमतेम सव्वादोन दाखवीत होती. शंभराच्या नोटेत नवी बॅटरी येऊन पैसे परत मिळाले. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून ती बसवली, तारीख-वेळ घातली, भारतीय प्रमाणवेळ निवडली आहे याची खात्री केली आणि मग इंटरनेटवरून वेळ जुळवली. त्या रात्री मेन स्विच मुद्दाम बंद ठेवला, कारण खरी परीक्षा तीच होती. सकाळी सूचना आली नाही. तारीख बरोबर होती. भिंतीवरचे घड्याळही मी मामांच्या परवानगीने पाच मिनिटे मागे घेतले. एका शंभराच्या नोटेचे काम लांबणीवर टाकल्यामुळे तीस वर्षांच्या सचोटीवर डाग पडत होता, याची मला आजही लाज वाटते.

आता कोणी विचारील, बरोबर वेळ म्हणजे तरी कोणाची? प्रश्न रास्त आहे. बालाघाटला गेल्यावर पहिल्या सकाळी मला वाटले की इथे सूर्य फारच लवकर उगवतो. हिशेब केला तेव्हा कळले. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. बालाघाट साधारण ८०.२ अंशांवर, म्हणून तिथला सूर्य घड्याळाच्या नऊ मिनिटे मागे. आपले बेळगाव ७४.५ अंशांवर, म्हणून इथला सूर्य ३२ मिनिटे मागे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे. एकेकाळी गावोगावची वेळ अशी वेगळीच होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही आणि मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली. एकाच शहरात स्टेशनवर एक वेळ आणि महापालिकेच्या घड्याळात दुसरी! आपण मराठीत ‘घड्याळ’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘गडियार’ म्हणतो, बालाघाटला ‘घडी’ म्हणतात. शब्दांतले नाते कानालाच कळते. लग्नात पाण्यावर तरंगत ठेवायचे ते छिद्राचे घटिकापात्र बुडाले की सर्वांनी मान्य करायचे, घटका भरली. वेळ ही अशी सर्वांनी मिळून मान्य करायची गोष्ट आहे. आज आपल्या देशासाठी ते काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने करते.

आणि हे केवळ शास्त्रज्ञांचे काम राहिलेले नाही, ते आपल्या शाखेचे झाले आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवण्याचे निर्देश दिले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक-कार्यक्रमात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक झाले. मामांचे दुकान कंपनी नाही, त्यांना हा नियम लागू नाही. पण आपल्यापैकी कित्येकजण उद्या अशा कंपन्यांत बसणार आहेत. ज्या नोंदीवर लेखापरीक्षक विसंबणार, त्या नोंदीची तारीखच मेलेल्या बॅटरीने दिलेली असेल तर तिचा उपयोग काय? कोणी म्हणेल, आता सगळे सरकारी पोर्टलवर असते आणि तिथे वेळ त्यांच्या सर्व्हरची चालते. खरे आहे. विवरणपत्र भरल्याची वेळ पोर्टलचीच धरतात. पण त्या विवरणपत्रात जाणारे बिल आपल्याच दुकानातल्या संगणकावर जन्मते, आणि जन्मतारीख तिथेच चुकली तर पोर्टल काय करणार?

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते याचे मोठे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले आहे. तिथल्या पोस्ट खात्यात ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-प्रणाली होती. तिच्यातल्या दोषांमुळे खोटी तूट दिसे आणि पोस्टाची लहान कार्यालये चालवणाऱ्या माणसांवर अपहाराचे खटले भरले जात. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण असे दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे संसार मोडले. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथे दोष घड्याळाचा नव्हता, पण वृत्ती तीच होती: पडदा म्हणतो म्हणजे माणूस चोर.

आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार संगणकातली नोंद पुरावा म्हणून मांडायची तर त्या काळात संगणक नीट चालत होता, किंवा बिघाड असला तरी त्याचा नोंदीवर परिणाम झाला नव्हता, हे सांगावे लागते. न्यायालय जे विचारते ते आपण दुकानात, कचेरीत, घरात का विचारू नये?

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या संगणक-लेखांकनाच्या प्रात्यक्षिकाचा पहिला धडा ‘तारीख, वेळ आणि प्रमाणवेळ तपासा’ हा असावा. व्हाउचर कसे घालायचे हे आपण शिकतो, पण त्यावरची तारीख कोठून येते हे कोणी शिकवत नाही. दुसरी, ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी सुट्टीत एकदा तरी आपल्या संगणकाची बॅटरी व घड्याळ तपासून पाहावे, आणि रोज तोच बिघाड दिसत असेल तर तो ‘रोजचाच’ म्हणून सोडून देऊ नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, केवळ पडद्यावरच्या तारखेवरून कोणावर आळ घेऊ नये. आधी घड्याळाला विचारावे, मग माणसाला.

मुनीमजी अजूनही वही लिहितात. मामा आता त्यांना वही बंद करायला सांगत नाहीत. उलट, मी परत निघाले त्या दिवशी रोज संध्याकाळी वही आणि संगणक यांचा मेळ घालायचे काम त्यांनी दुकानातल्या मुलाला लावून दिले होते. तो मुलगा वहीतली ओळ मोठ्याने वाचत होता आणि मुनीमजी चष्मा सावरून पडद्यावरची तारीख पाहत होते.